बॅटरीचा झोत की थर्मलचा पांढरा ठिपका? रात्रीच्या शिकारीवरून शिकाऱ्यांमध्येच वाद का पेटलाय

झोपायच्या आधी रील्स वर सरकवताना हा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. काळा-करडा पडदा, मधोमध एक फुली. पडद्यावर पांढरे ठिपके हलत असतात. नीट बघितलं की कळतं, ही रानडुकरांची टोळी आहे. ठो असा आवाज होतो, एक ठिपका आडवा होतो, बाकीचे चारी दिशांना पांगतात. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारलेलं असतं, "भावा, कुठला गेम आहे हा?"

गेम नाही. बहुतेक वेळा ते अमेरिकेतलं टेक्सास असतं आणि बंदुकीवर बसवलेला असतो थर्मल स्कोप. रात्र पूर्ण काळोखी असते, शेतात एक दिवाही नसतो. डुकरांना समोर माणूस आहे याचा पत्ता नसतो.

आता मजा अशी आहे की या व्हिडिओंवर प्राणीप्रेमी चिडतात हे तर आहेच, पण शिकारी लोकसुद्धा आपापसात भांडतात. जुनी पिढी म्हणते, शिकार ती बॅटरीच्या उजेडातली. सावजाला निदान उजेड दिसायचा, पळायची संधी मिळायची. नवी पिढी म्हणते, उजेडात तुम्ही अंदाजाने गोळी मारायचात, आम्हाला अख्खा प्राणी दिसतो. दोघांचंही थोडं खरं आहे. आणि दोघंही एक गोष्ट सोयीस्कर विसरतात, तिच्याकडे येऊच.

कॉर्बेटच्या रायफलवरची बॅटरी

रात्रीच्या शिकारीत वीज आली त्याला आता शंभर वर्षं होतील. आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जिम कॉर्बेट. रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसं मारली. त्याच्या मागावर कॉर्बेटने कित्येक रात्री झाडावर बसून काढल्या. शेवटी मे १९२६ मध्ये, गुलाबराईच्या यात्रेकरूंच्या वाटेवर एका आंब्याच्या झाडावर तो बसला. खाली बकरी बांधलेली, तिच्या गळ्यात घंटा. काळोख इतका की स्वतःचा हात दिसेना. घंटा जोरात वाजली तसं त्याने रायफलला बांधलेल्या बॅटरीचं बटण दाबलं, झोतात बिबट्या दिसला आणि चाप ओढला. त्यानंतर बॅटरी मंदावली ती विझूनच गेली. गोळी लागली की नाही हे कळायला त्याला उजाडेपर्यंत वाट बघावी लागली.

बॅटरीच्या शिकारीचं सगळं गणित या एका प्रसंगात आहे. उजेड क्षणभराचा, तेवढ्यात ओळखायचं, तेवढ्यातच नेम धरायचा, आणि दगा दिला तर सेलच देणार.

लॅम्पिंग म्हणजे नेमकं काय

ज्याला इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंडमध्ये "लॅम्पिंग" म्हणतात आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये "स्पॉटलाइटिंग", ती पद्धत याच बॅटरीची पुढची आवृत्ती. पिकअप गाडी किंवा क्वाड बाइक. एक जण दिवा धरणारा, दुसरा बंदुकवाला. दिव्याची वायर गाडीच्या बॅटरीला जोडलेली. कुणी पायी निघाला तर खांद्यावरच्या पिशवीत ती जड लेड-ॲसिड बॅटरी. दिवेवाला झोत शेतावरून हळूहळू फिरवत राहतो आणि दोघंही एकच गोष्ट शोधत असतात. डोळे.

घाटातून रात्री एसटीने जाताना रस्त्याकडेला दोन हिरवे-पिवळे दिवे चमकलेले तुम्ही पाहिले असतील. मांजर, कुत्रा, गाय, कोल्हा, हरीण यांच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. त्याचं नाव टेपेटम ल्युसिडम. आत आलेला उजेड तो थर परत पडद्यावर फेकतो, म्हणजे अंधारात प्राण्याला त्याच उजेडाचा दोनदा फायदा होतो. त्यातला थोडा उजेड डोळ्यातून बाहेर पडतो आणि आपल्याला डोळे "पेटलेले" दिसतात. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही.

मुरलेला लॅम्पिंगवाला नुसत्या डोळ्यांवरून प्राणी ओळखतो. मेंढ्यांचे डोळे कळपाने दिसतात आणि रवंथ करत एका जागी असतात. कोल्ह्याचे डोळे जमिनीलगत, क्षणभर रोखून बघणार, मग मान वळली की गायब, मग दहा पावलांवर पुन्हा. कोल्हा दिसला की शिकारी हाताच्या पाठीवर ओठ लावून चुंबनासारखा चिर्र आवाज काढतो किंवा शिट्टी वाजवतो. संकटात सापडलेल्या सशाची ती नक्कल असते. भुकेला कोल्हा त्या आवाजाकडे धावत येतो. कोल्ह्याला तांबडा रंग फारसा जाणवत नाही म्हणून दिव्यावर लाल काच चढवतात.

हे सगळं कशासाठी? मुख्यतः मेंढपाळांसाठी. ब्रिटनमध्ये वसंतात मेंढ्या वितात. नवजात कोकरू कोल्ह्याला सोपं सावज. त्या दिवसांत शेतकरी स्वतःहून शिकाऱ्याला बोलावतो. २००४ च्या हंटिंग ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांच्या टोळीने कोल्ह्याचा पाठलाग करायला बंदी आली. लाल कोट घातलेले, घोड्यावर बसलेले उमराव, ते चित्र आठवा. पण कोल्हा बंदुकीने मारायला बंदी नाही आणि त्याला विणीच्या हंगामाची सूटही नाही. म्हणजे घोडेवाले कायद्याने थांबले, दिवेवाले चालू राहिले.

लॅम्पिंगची एक गरीब बाजूही आहे. खाणकामगारांच्या वस्त्यांत बंदूक नसलेले लोक एक बॅटरी आणि एक लर्चर जातीचं सडपातळ, वेगवान कुत्रं घेऊन रात्री ससे पकडायला जायचे. ससा झोतात दिपून बसला की कुत्रं सोडायचं. सशांना २००४ च्या कायद्यातून वगळलंय, त्यामुळे जमीनमालकाची परवानगी असेल तर हे आजही चालतं. परवानगी नसेल तर १८२८ चा नाइट पोचिंग ॲक्ट आहे. होय, १८२८. पेशवाई संपून दहा वर्षं झाली होती तेव्हाचा कायदा, आणि तो अजून जिवंत आहे.

मग एवढं सगळं नीट चाललं होतं तर बिघडलं काय?

एक म्हणजे कोल्हा मूर्ख नाही. ज्याच्यावर एकदा झोत पडला, गोळी चुकली आणि तो वाचला, तो पुढच्या वेळी उजेड दिसताच कुंपण गाठतो. दिव्याला बुजलेल्या अशा कोल्ह्यांसाठी शिकाऱ्यांच्या बोलीत खास शब्दच आहे, लॅम्प-शाय. एखाद्या भागात वर्षानुवर्षं लॅम्पिंग झालं की उरतात ते असेच. कोकरं मात्र कमी होतच राहतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे.

ऑक्टोबर २०१०, न्यूझीलंड

कैमानावा जंगलातला एक कॅम्पिंगचा तळ. एक तरुण शिक्षिका आपल्या जोडीदाराबरोबर तिथे मुक्कामाला आली होती. रात्री ती डोक्याला लावलेल्या छोट्या बॅटरीच्या उजेडात दात घासत होती. जवळच्या रस्त्यावर गाडीवरून काही तरुण दिव्याच्या झोताने हरणं शोधत होते. त्यांच्यातल्या एकाला लांब अंधारात काहीतरी चमकताना दिसलं. त्याला वाटलं, हरणाचे डोळे. त्याने गोळी झाडली. ती तिथेच गेली.

त्या देशातल्या संरक्षित सरकारी जंगलात रात्री शिकार करायला आधीपासूनच मनाई होती. बंदूक परवान्यासाठी जे नियम पाठ करावे लागतात, त्यात "सावज काय आहे याची पूर्ण खात्री झाल्याशिवाय गोळी नाही" हा नियमही होता. पण लॅम्पिंगची सवयच अशी की चमक दिसली की मेंदू उरलेला प्राणी स्वतःच रंगवून घेतो. दोन ठिपके दिसतात आणि शिकाऱ्याला शिंगंसुद्धा "दिसायला" लागतात.

थर्मलवाले नेमकं इथेच बोट ठेवतात. त्यांचं म्हणणं, त्या रात्री थर्मल असता तर दोन पायांवर उभी असलेली माणसाची आकृती स्वच्छ दिसली असती. हे खोडून काढणं अवघड आहे. माणसाची उभी आकृती थर्मलमध्ये चुकत नाही.

हिरवा पडदा आणि पांढरा ठिपका, दोन्ही एक नव्हे

सोशल मीडियावर नाइट व्हिजन आणि थर्मल हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पण यंत्रं पूर्ण वेगळी आहेत.

नाइट व्हिजनला उजेड लागतोच, अगदी चांदण्याइतका का होईना. आत आलेले प्रकाशकण एका खास पडद्यावर आपटून इलेक्ट्रॉन सुटतात, ते हजारोपट वाढवले जातात आणि फॉस्फरच्या पडद्यावर चित्र उमटतं. सिनेमात दिसणारा हिरवा रंग तो हाच. याचा उगम युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनांनी "व्हॅम्पायर" नावाची यंत्रणा रायफलवर बसवली आणि अमेरिकनांनी १९४५ मध्ये ओकिनावात स्नायपरस्कोप वापरला. दोन्हींत डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा होता. व्हिएतनाममध्ये आलेल्या स्टारलाइट स्कोपला दिव्याची गरज उरली नाही, ताऱ्यांचा उजेड पुरायचा.

आज शिकाऱ्यांकडे जे स्वस्त डिजिटल नाइट व्हिजन असतं ते खरं तर मोबाइलच्या कॅमेऱ्याचंच भावंड. एक सेन्सर आणि सोबत इन्फ्रारेड दिवा. हा दिवा साधारण ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा असतो. ८५० वाल्याचा पल्ला लांब, पण त्याच्या तोंडाशी पुसटसा तांबडा ठिपका दिसतो आणि चलाख कोल्हा तो हेरतो. ९४० वाला दिसत नाही, पण त्याचा उजेडही लांब पोचत नाही. म्हणजे बघा, हेही एक प्रकारचं लॅम्पिंगच झालं, फक्त दिवा आपल्याला न दिसणारा.

थर्मल मात्र उजेडाचा विचारच करत नाही. प्रत्येक गरम वस्तू स्वतःहून इन्फ्रारेड लहरी सोडत असते. सुमारे ३७ अंश तापमानाच्या शरीरातून निघणाऱ्या या लहरी ९ मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात तीव्र असतात. डोळ्यांना दिसणारा उजेड ०.४ ते ०.७ मायक्रॉनमधला, म्हणजे हा मामला पूर्ण वेगळाच. साधी काच या लहरींना भिंतीसारखी असते. म्हणून थर्मलचं भिंग जर्मेनियम नावाच्या धातूसारख्या चमकदार मूलद्रव्याचं असतं. त्यामागे हजारो बारीक ठिपक्यांचा सेन्सर. प्रत्येक ठिपका किंचित गरम झाला की त्याचा विद्युत रोध बदलतो आणि त्यातून चित्र तयार होतं. गाडीत बसून काच वर करून थर्मलमधून बाहेर बघितलं, तर शेत दिसत नाही, स्वतःचंच भुतासारखं प्रतिबिंब दिसतं. नवशिक्याची पहिली फजिती बहुधा हीच.

हे तंत्रज्ञान अमेरिकी लष्कराच्या पैशातून वाढलं आणि १९९० च्या दशकात बाहेरच्या बाजारात यायला लागलं. आज लिथुआनियाची पल्सार, चीनची हिकमायक्रो अशा कंपन्यांचे स्कोप ब्रिटिश शेतकऱ्यांच्या हातात आहेत. चांगल्या स्कोपला आपल्या हिशेबात दोन-तीन लाख रुपये सहज लागतात. त्यात जर्मेनियमच्या व्यापारात चीनचा मोठा वाटा. चीनने ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा काळजी फक्त संरक्षण खात्यांना नव्हती, रानडुकरं मारणाऱ्यांनाही होती.

डुकराचे डोळे चमकत नाहीत

थर्मलचा खरा भाव वाढला तो रानडुकरांमुळे, आणि त्यामागचं कारण भारी आहे. डुकराच्या डोळ्यात तो आरशासारखा थर नसतो. त्यामुळे झोत फिरवला तरी कोल्ह्या-हरणासारखे डोळे पेटत नाहीत. लॅम्पिंगचा सगळा डोलारा ज्या डोळ्यांवर उभा, तेच इथे गप्प. वर हे जनावर काळपट, नाक तीक्ष्ण आणि माणसांचा त्रास वाढला की पूर्ण निशाचर होणारं.

टेक्सासमध्ये अशी डुकरं पंचवीस-तीस लाखांच्या घरात आहेत असा अंदाज सांगितला जातो. रानडुकरांमुळे अमेरिकेचं वर्षाला दीड अब्ज डॉलर्सहून जास्त नुकसान होतं, असं तिथल्या कृषी खात्याचे अंदाज सांगतात. एका रात्रीत टोळी मक्याचं शेत नांगरल्यासारखं उकरते. विदर्भ-मराठवाड्यातल्या, कोकणातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. टेक्सासने २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायची वाट मोकळी केली आणि २०१९ पासून जमीनमालकाच्या परवानगीने डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. अशा ठिकाणी थर्मल आला आणि हौशी लोक पैसे भरून रात्रीच्या "हॉग हंट"ला यायला लागले. तुमच्या फीडवरचे ते व्हिडिओ तिथून येतात. शेतकऱ्याच्या अडचणीतून सुरू झालेल्या कामाचा तमाशा कसा होतो, हेही त्यात दिसतं.

युरोपात कारण आणखी वेगळं. सप्टेंबर २०२० मध्ये जर्मनीत रानडुकरांमध्ये आफ्रिकन स्वाइन फिव्हर सापडला. माणसाला त्याचा धोका नाही, पण पाळीव डुकरांचे गोठेच्या गोठे रिकामे होतात. साथ शेजारच्या पोलंडमध्ये आधीच होती, म्हणून जर्मनीने त्याच वर्षीच्या सुरुवातीला शस्त्रकायदा बदलून शिकाऱ्यांना स्कोपला जोडायची नाइट व्हिजन उपकरणं वापरायची वाट करून दिली होती. ज्या देशात ही साधनं शिकारीला वर्ज्य होती, तिथे सरकारच आता ती वापरा म्हणायला लागलं.

जाहिरातीतले १८०० मीटर

आता थर्मलवाले जे सांगत नाहीत ते.

स्कोपच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, "१८०० मीटर डिटेक्शन". यातला डिटेक्शन हा शब्द नीट वाचायला हवा. १९५८ मध्ये जॉन जॉन्सन या अमेरिकी लष्करी शास्त्रज्ञाने एक मोजमाप बसवलं. ते आजही वापरलं जातं. काहीतरी आहे एवढंच कळायला, ढोबळ प्रकार कळायला आणि नेमकी ओळख पटायला चित्रात किती बारकावा लागतो, याचं ते प्रमाण आहे. "काहीतरी आहे" याला १ लागत असेल, तर प्रकार कळायला ४ आणि ओळख पटायला सुमारे ६.४.

म्हणजे १८०० मीटरवर ठिपका दिसणाऱ्या यंत्रातून नेमकी ओळख पटणार साधारण २८० मीटरवर. तीसुद्धा कंपन्या हिशेब करताना सहसा १.८ मीटर उंचीचा माणूस धरतात म्हणून. कोल्हा खांद्यापर्यंत जेमतेम ४० सेंटिमीटर. त्याची खात्रीने ओळख पटायचं अंतर आणखी कितीतरी कमी. मधल्या सगळ्या पट्ट्यात शिकाऱ्याला दिसतो तो एक चार पायांचा गरम ठिपका. तो कोल्हा असेल, शेजाऱ्याचं मेंढरं राखणारं कुत्रंही असेल. गवतात बसलेलं वासरू आणि रानडुक्कर यांचीही अशीच गल्लत होऊ शकते. रंग नाही, कातडीवरचे पट्टे नाहीत, गळ्यातला पट्टासुद्धा दिसेल न दिसेल.

अंतराचा अंदाजही जातो. सपाट करड्या चित्रात लांबचं हरीण आणि जवळचा ससा सारखेच दिसू शकतात, म्हणून महागड्या स्कोपमध्ये लेझरने अंतर मोजायची सोय असते. काटेरी तार, वाळलेली फांदी, दगड हे भोवतालाइतकेच थंड असल्याने चित्रात विरघळतात आणि गोळी त्यांना आपटून भलतीकडे जाऊ शकते. सगळ्यात महत्त्वाचं, सावजाच्या मागे काय आहे? लॅम्पिंगचा दिवा निदान मागचा बांध, घर, रस्ता उजळवायचा. थर्मलमध्ये मागे मातीचा उंचवटा आहे की मोकळं आकाश, हे दर वेळी कळेलच असं नाही. रायफलची गोळी चुकली तर किलोमीटरभर सहज जाते.

पाऊस, दाट धुकं आलं की चित्र मळतं. सूर्योदय-सूर्यास्ताच्या सुमारास जमीन, झाडं, जनावर यांच्या तापमानातला फरक कमी होतो आणि थर्मल गोंधळतो. मध्येच "टक्" असा बारीक आवाज होऊन चित्र क्षणभर गोठतं, कारण सेन्सरला स्वतःचा तोल पुन्हा साधावा लागतो. नेमका कोल्हा समोर असताना हे टक् झालं की शिकारी काय बोलतो ते इथे छापता येणार नाही.

म्हणूनच अनुभवी लोक एक मधला मार्ग वापरतात. हातातल्या थर्मल दुर्बिणीने शोधायचं आणि नेम धरायच्या आधी नाइट व्हिजनने किंवा चक्क दिव्याने ओळख पक्की करायची. म्हणजे थर्मल आला तरी जुना दिवा गाडीतून उतरलेला नाही. जखमी जनावर शोधायला मात्र थर्मलसारखं काही नाही, हे त्याचे विरोधकही मानतात. पूर्वी गवतात पडलेलं हरीण रात्रभर तडफडायचं, आता ते मिनिटांत सापडतं.

उजेड गेला आणि त्याच्याबरोबर खबरही

सुरुवातीला म्हटलं होतं, दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. ती ही. लॅम्पिंगचा झोत फक्त शिकाऱ्याला दिसत नव्हता, तो अख्ख्या गावाला दिसायचा. ब्रिटनच्या खेड्यात रात्री टेकडीवर दिवा फिरताना दिसला की कुणीतरी पोलिसांना फोन करायचं. म्हणून कायद्याने वागणारे शिकारी आधीच पोलिसांना कळवून ठेवायचे, आज अमुक शेतावर आम्ही आहोत. ज्याचा दिवा दिसला पण ज्याने कळवलं नाही, तो चोर. इतकी साधी व्यवस्था होती.

थर्मलने ती मोडली. चोरटा शिकारी अंधारात येतो, बंदुकीला आवाज दाबणारं नळकांडं असतं आणि सकाळी शेतात फक्त रक्ताचे डाग. तंबूत झोपलेल्या, कुत्रं फिरवणाऱ्या माणसालाही आता दिवा बघून सावध व्हायची सोय नाही. तंत्रज्ञान जितकं चोख, तितका त्याचा माग कमी. जुन्याजाणत्यांची "सावजाला संधी" ही तक्रार भावनिक वाटते, पण ही तक्रार भावनिक नाही.

कायदे या बदलामागे धापा टाकत धावतायत आणि प्रत्येक जण वेगळ्या दिशेला. इंग्लंड आणि वेल्समध्ये सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाआधी एक तास हरीण मारायला १९९१ च्या कायद्याने मनाई आहे, त्यासाठी खास परवाना लागतो. स्कॉटलंडमध्ये हरणांची संख्या दहा लाखांच्या घरात गेल्याचा अंदाज आहे आणि ती नवी झाडं उगवू देत नाहीत, म्हणून २०२३ मध्ये तिथे हरणांसाठी नाइट व्हिजन आणि थर्मल स्कोप कायदेशीर झाले. अमेरिकेत शिंगांच्या विक्रमांची नोंद ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लब थर्मल वापरून मारलेलं जनावर विक्रमात धरत नाही. ऑस्ट्रेलियात मांसासाठी कांगारू मारणारे व्यावसायिक आजही रात्री दिव्यानेच काम करतात आणि गोळी डोक्यातच लागली पाहिजे असा तिथला नियम आहे.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे हौसेच्या शिकारीचा प्रश्नच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निकालात काढला. थर्मल काय आणि बॅटरी काय, शिकार म्हटली की गुन्हा. पिकांचं नुकसान करणाऱ्या रानडुकरांसाठी वन खात्याकडून अटी घालून परवानगी मिळू शकते, पण तो हौशी माणसाचा परवाना नव्हे.

म्हणून रात्रीचं दिपवणं थांबलंय असं मात्र नाही. मोटारसायकलवर मागे बसून माळावरच्या सशावर बॅटरी मारणारे महाराष्ट्रात आहेत, आणि तो ससा कायद्याने संरक्षित आहे. गोव्यात दर पावसाळ्यात बेडूक पकडणारे निघतात. पहिल्या सरी पडल्या की मोठे पिवळे बेडूक शेतात डरावतात, त्यांच्यावर झोत मारला की ते दिपून जागेवर बसतात आणि पोत्यात भरले जातात. हॉटेलात त्याला "जंपिंग चिकन" म्हणतात. वन खातं दर वर्षी इशारे देतं, गस्त घालतं. कोकणात रात्री बत्ती घेऊन ओढ्यात कुर्ल्या धरणं ही वेगळी, साधी गोष्ट. पण समुद्रात तोच उजेड ट्रॉलरवर हजारो वॅटचा झाला, तेव्हा मालवण-रत्नागिरीचे पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर उतरले. एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तक्रारी अजून चालूच आहेत.

थर्मल मात्र आपल्याकडे शिकाऱ्याच्या नाही, वन खात्याच्या हातात आधी आला. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बहराइचच्या लांडग्यांनी लहान मुलं उचलायला सुरुवात केली तेव्हा उसात दडलेले लांडगे शोधायला थर्मल ड्रोन लावले गेले. जुन्नर-शिरूर पट्ट्यातही बिबट्यांसाठी असे ड्रोन आलेत. उसाच्या फडात माणूस दोन हातांवर बिबट्या असला तरी बघू शकत नाही, वरून ड्रोनला पाचटातला गरम ठिपका दिसतो. अडचण तीच जुनी, तो ठिपका बिबट्याचा की कुत्र्याचा हे खाली उतरून बघावं लागतं. आणि दुपारी तापलेल्या जमिनीत ठिपका उमटतच नाही, त्यामुळे फडावर ड्रोन उडवायची खरी वेळ रात्रीची, नाहीतर पहाटेची, दव पडून शिवार गार झाल्यावरची.